खाली राहिलेले हात

माझी ताई बावीस वर्षं नगरपालिकेत हात मोजत होती. असं काम भरतीच्या कुठल्या जाहिरातीत सापडणार नाही. कागदावर ती आवक-जावक विभागातली हंगामी लिपिक. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि ते योग्य त्या टेबलावर नेऊन ठेवायचं. पुढे ते त्या टेबलावर हरवायचं. पण महिन्यातून एकदा सर्वसाधारण सभा भरली की हेडक्लार्क तिला बोलावून घ्यायचे आणि ती सभागृहात एका लाकडी स्टुलावर उभी राहायची. ठराव मताला टाकला की नगरसेवक हात वर करायचे आणि ताई ते मोजायची. ऑफिसात सगळे तिला हातमोजे बाई म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर नुसतं बाई.

हे काम तिच्याकडे आलं हेडक्लार्कांच्या मोतीबिंदूमुळे. नगरसेवक एकतीस, आणि एका सभेत एकमताच्या ठरावाला हेडक्लार्कांनी बत्तीस हात मोजले. बत्तिसावा खुंटीवर टांगलेला कोट होता. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, ‘कुणीतरी डोळे असलेलं माणूस आणा.’ ताईला नोकरी लागून तेव्हा पाच महिने झाले होते आणि तिचे डोळे पहिल्यापासून उत्तम. हे मी खात्रीने सांगतो, कारण माझं चष्म्याचं दुकान आहे आणि आमच्या घरात चष्मा न लागलेली ती एकटीच. धंद्याच्या दृष्टीने मला तिचा काही उपयोग झाला नाही.

दुकानाच्या वर आमच्या तीन खोल्या. पुढच्या दोन माझ्या आणि माझ्या बायकोच्या, मागची ताईची. तिने लग्न केलं नाही. का, ते तिला विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. घरी ती काहीही मोजत नसे. ‘ताई, जिन्याला पायऱ्या किती गं?’ असं मी चिडवायला विचारलं, तर म्हणायची, ‘मला सुट्टी आहे.’

पंचवीस वर्षं नगरपालिका छत्रीवाल्यांकडे होती. छत्री ही त्यांची निशाणी. त्यांचे चोवीस नगरसेवक, आणि समोर शिडीवाल्यांचे सात. पाच निवडणुकांत हा आकडा एकदोनाने इकडेतिकडे व्हायचा, पण निकाल कधी इकडचा तिकडे झाला नाही. चोवीस हात एकेक करून मोजायला वेळ लागतो. शिवाय हात वर धरून माणसं कंटाळतात, मध्येच खाली घेतात, दुसऱ्या हाताने कान खाजवतात. म्हणून ताईने पहिल्याच वर्षी एक सोपी रीत काढली. ती वर गेलेले हात मोजायचीच नाही. ज्यांचे हात खाली आहेत, ती सात डोकी मोजायची आणि एकतिसातून वजा करायची. राहिले चोवीस. विरोधात किती, हे वेगळं विचारायची पद्धत नव्हती. उरलेले विरोधात, संपलं.

ही रीत बावीस वर्षं चुकली नाही, आणि त्याचं श्रेय दाराच्या कडीला होतं. छत्रीवाल्यांचे अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक. मतदानाच्या वेळी माणूस बाहेर गेला की फितूर झाला, असा त्यांचा पक्का समज. ठराव मताला टाकायच्या आधी शिपाई पुढच्या-मागच्या दारांना आतून कडी लावायचा, आणि मग कुणाच्या पोटात दुखो की घरी आग लागो, मोजणी होईपर्यंत कुणाला हलता येत नसे. त्यामुळे मतदानाच्या वेळी एकही खुर्ची कधी रिकामी नव्हती. रिकामी खुर्ची असली तर आपल्या वजाबाकीचं काय होईल, याचा विचार करायची वेळ ताईवर आली नाही.

बावीस वर्षं ती हंगामीच राहिली. दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस नोकरीवरून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे. सलग वर्ष भरलं तर कायम करावं लागतं, म्हणून ही सोय. त्या एका दिवसाला ऑफिसात ‘खंड’ म्हणतात. खंडाच्या दिवशी ताई नेहमीच्या वेळी उठून, आवरून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसायची. कुठे जायचं नसायचं. मला ते बघवायचं नाही. मी दुकानात निघून जायचो आणि गिऱ्हाइकांवर खेकसायचो.

दर निवडणुकीत छत्रीवाले म्हणायचे, हंगामी लोकांना कायम करू. शिडीवालेही तेच म्हणायचे, पण ते निवडून येत नसल्यामुळे त्यांचं खोटं ठरायचं नाही. आणि नियम असा, की वयाची बावन्न वर्षं पूर्ण झाली की माणसाला कायम करता येत नाही. मग पेन्शन नाही, आजारपणाची रजा नाही, निरोप समारंभसुद्धा नाही. एका खंडानंतर परत बोलावत नाहीत, एवढंच. या वेळची निवडणूक झाली तेव्हा ताईला बावन्न पूर्ण व्हायला तीन महिने होते.

आणि या वेळी शिडीवाले निवडून आले. सोळा विरुद्ध पंधरा. लोकांना बदल हवा होता, असं शिडीवाले म्हणाले. लोकांची दिशाभूल झाली, असं छत्रीवाले म्हणाले. माझ्या दुकानात येणाऱ्यांचं म्हणणं वेगळंच होतं. मतदानाची खोली बदलली, यंत्र दुसऱ्या बाजूला तोंड करून ठेवलं, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने बोट भलत्याच बटणावर गेलं. मी स्वतः शिडीला मत दिलं होतं, ताईसाठी. तिने कुणाला दिलं ते सांगितलं नाही.

नव्या लोकांची पहिली सभा अध्यक्ष निवडायला भरली. मी तिथे नव्हतो. मला हे शिपायाने सांगितलं आणि ताईने त्यात जागोजागी दुरुस्त्या केल्या. सभा चालवायला वरून एक निवडणूक अधिकारी आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात नियमांचं पुस्तक, पानापानाला खुणेच्या चिठ्ठ्या.

शिपायाने त्यांना विचारलं, ‘साहेब, कडी लावू का?’

‘कडी कशाला? लोकशाही आहे,’ साहेब म्हणाले.

शिडीवाल्यांचे उमेदवार शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर होते. हात कसा वर करायचा याचा त्यांनी आपल्या लोकांकडून चार दिवस सराव करून घेतला होता. कोपर सरळ, बोटं जुळलेली. साहेबांनी मास्तरांचं नाव पुकारलं आणि पंधरा हात कवायतीसारखे एकदम वर गेले. पंधरा, कारण सोळावा शिडीवाला, शेवटच्या रांगेतला बेकरीवाला, एक मिनिट आधी मागच्या दाराने संडासाला गेला होता. सकाळपासून त्याचं पोट बिघडलं होतं. विजयाच्या आनंदात त्याने स्वतःच्याच बेकरीतलं खाल्लं होतं.

सगळ्यांचं लक्ष मास्तरांकडे. ताईने नेहमीसारखी खाली हात असलेली डोकी मोजली. पंधरा. एकतिसातून पंधरा गेले, सोळा.

‘सोळा,’ ताई म्हणाली.

सगळ्यांना सोळाच अपेक्षित होते, त्यामुळे कुणी मान वळवून पाहिलं नाही. टाळ्या झाल्या. मास्तर उठले आणि अध्यक्ष म्हणून पहिलं भाषण त्यांनी तिथेच ठोकलं. म्हणाले, ‘आपलं पहिलं काम, हंगामी कर्मचाऱ्यांना कायम करणे. बावीस वर्षं या बाई इथे उभ्या आहेत. पहिलं नाव यांचं.’ पुन्हा टाळ्या, या वेळी ताईकडे बघून. बावीस वर्षांत त्या सभागृहात ताईसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. ती स्टुलावर उभी होती, तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. बेकरीवाला रुमालाला हात पुसत आत आला, टाळ्या चालल्यात हे पाहून त्यानेही टाळ्या वाजवल्या आणि आपल्या जागेवर बसला.

ताईने त्याला बसताना पाहिलं. ती स्टुलावरून उतरली, पुन्हा चढली, आणि म्हणाली, ‘साहेब, मोजणी चुकली. पंधराच हात होते.’

पुढचा पाऊण तास काय झालं ते शिपायालाही नीट सांगता येत नाही, कारण तो टेबलांच्या मधे उभा राहून माणसं वेगळी करत होता. छत्रीवाले म्हणत होते, पंधरा-पंधरा म्हणजे बरोबरी, चिठ्ठी टाका. शिडीवाले म्हणत होते, बाई छत्रीवाल्यांची आहे. साहेबांनी पुस्तक चाळलं, सगळ्या खुणेच्या चिठ्ठ्या खाली पडल्या. शेवटी त्यांनी बेकरीवाल्याला उभं केलं.

‘मतदानाच्या वेळी आपण कुठे होता?’

‘इथेच.’

‘इथेच म्हणजे?’

‘म्हणजे आत होतो. बाहेर गेलो आणि आत होतो.’

हे जसंच्या तसं इतिवृत्तात उतरलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. साहेबांनी निर्णय दिला, की निकालावर अजून सही झालेली नाही, तेव्हा मत पुन्हा घ्या. मग त्यांनीच शिपायाला हळूच सांगितलं, ‘कडी लाव.’ ताईने या वेळी वरचे हात एकेक करून मोजले. सोळा. मास्तर पुन्हा अध्यक्ष झाले, पण दुसऱ्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दोन दिवसांनी ताईला नोटीस निघाली, चुकीची मोजणी का केली याचा खुलासा करा म्हणून. ती आवक-जावकमध्येच आली. ताईने तिच्यावर शिक्का मारला, नंबर टाकला आणि योग्य टेबलावर, म्हणजे स्वतःच्या, नेऊन ठेवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, ‘तू मूग गिळून गप्प बसली असतीस तर कुणाचं काय बिघडलं असतं? शेवटी सोळाच आले ना?’

‘दुसऱ्यांदा आले. पहिल्यांदा पंधराच होते.’

‘अगं पण निकाल तोच!’

‘मग तुला राग कशाचा?’

माझी बायको म्हणाली, ‘अहो, पुरे करा. ताई, यापुढे वरचेच मोजत जा.’ आमच्या घरात शहाणपणाचं तेवढंच बोलणं झालं.

मास्तर शब्दाचे पक्के निघाले. रागावले होते, ताईशी धड बोलत नव्हते, पण दुसऱ्या महिन्यात त्यांनी ठराव आणला. नाव एकच, ताईचं. बाकीच्या हंगामी लोकांची वयं लहान होती, त्यांना थांबता येत होतं. अडचण एवढीच, की कायम करण्याच्या ठरावाला एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त हात लागतात. म्हणजे सोळा. हजर किती, गैरहजर किती, याच्याशी संबंध नाही. छत्रीवाल्यांचा एकही हात मिळणार नव्हता. मास्तर जे आणतील त्याला ते नाही म्हणत होते. शिडीवाले सोळाच्या सोळा लागणार. आणि सोळावा होता बेकरीवाला.

बेकरीवाल्याला गावात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. ब्रेड घ्यायला आलेला माणूस सुटे पैसे देता देता विचारायचा, ‘आत आहात की बाहेर?’ मी तीन दिवस रोज त्याच्याकडे गेलो. रोज एक ब्रेड घेतला आणि रोज हात जोडले. बावन्नाचा नियम सांगितला, पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस आहे तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘चष्मेवाले, तुमच्या ताईंनी माझं पोट सरकारी कागदावर आणलं. माझी नात मोठी होऊन ते वाचेल. मी विरोध करणार नाही. पण माझा हात वर जायचा नाही.’

‘तिने तुमच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता,’ मी म्हटलं. ‘ती फक्त पंधरा म्हणाली.’

‘त्यातच आलं सगळं,’ तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. हे मी ताईला सांगितलं नाही.

ठरावाच्या दिवशी मी दुकान बंद करून सभेला गेलो. शेवटच्या रांगेच्या लगेच मागे लोकांसाठी दोन बाकडी टाकलेली असतात. मी मुद्दाम बेकरीवाल्याच्या बरोबर मागे बसलो. त्याच्या मानेकडे टक लावून बघत राहिलो तर त्याला लाज वाटेल, अशी माझी कल्पना. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

सुरुवातीलाच वाद निघाला. बाईंचाच ठराव, तर बाईंनी हात कसे मोजायचे? म्हणून आधीच्या एका किरकोळ ठरावावर दुसऱ्यांना मोजून बघायला सांगितलं. नव्या हेडक्लार्कचे चौदा आले, शिपायाचे सतरा, आणि लेखापालाचे बत्तीस. त्या दिवशी खुंटीवर कोटही नव्हता. तेव्हा वखारवाले, जुने अध्यक्ष, आता विरोधी पक्षाचे, उठून उभे राहिले.

‘बाईंनाच मोजू द्या,’ ते म्हणाले. ‘स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगणारं माणूस मी इथे पंचवीस वर्षांत दुसरं पाहिलं नाही. त्या म्हणतील तो आकडा आमच्या पक्षाला मान्य.’

मास्तर म्हणाले, ‘आम्हालाही मान्य.’ दोन्ही पक्षांना एकच गोष्ट मान्य झाल्याची ती त्या वर्षातली पहिली आणि शेवटची वेळ. एवढं चांगलं बोलून वखारवाले खाली बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले.

शिपायाने कडी लावली. ताई स्टुलावर चढली. मास्तरांनी ठराव मताला टाकला आणि शिडीवाल्यांचे हात वर गेले. कोपर सरळ, बोटं जुळलेली. माझ्यासमोर बेकरीवाला. त्याचे हात घडी घातलेले, मान खाली.

ताईने पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. उजव्या हाताचं बोट एकेका हातावरून न्यायची, ओठ हलायचे. तिचा चेहरा रोज पत्रांवर शिक्के मारताना असतो तसाच होता. पहिल्या रांगेत चार, दुसऱ्या रांगेत पाच, तिसऱ्या रांगेत चार. शेवटच्या रांगेत दोन. पंधरा. मग तिचं बोट बेकरीवाल्याच्या डोक्यावर आलं आणि तिचे ओठ हलले. ‘सोळा,’ असेच हलले. मी ते स्पष्ट पाहिलं. माझ्या अंगातून वीज गेली, मला वाटलं, पावला हा माणूस! मी त्याच्या खांद्यावरून पुढे वाकून पाहिलं. त्याची घडी तशीच होती.

ताईचं बोट अजून तिथेच होतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या वर बघत होती. आणि मग मला कळलं, की माझा हात वर आहे.

तो कधी वर गेला, मला खरंच माहीत नाही. बायको म्हणते मुद्दाम केलात. तिने माझ्याशी संसार केला आहे, तिचा तसा समज होणं मी समजू शकतो. पण मी शपथेवर सांगतो, मला पत्ता नव्हता. स्टुलावरून तो हात बेकरीवाल्याच्या डोक्याच्या बरोबर वर दिसत असणार. सगळे समोर बघत होते, मागे कुणाचं लक्ष नव्हतं, दोन्ही पक्षांनी तिचा आकडा आधीच मान्य केला होता. तिने फक्त तोंडातला आकडा मोठ्याने म्हणायचा होता.

कळल्यावरही मी हात खाली घेतला नाही. हे मात्र मुद्दाम.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. लहानपणी मी काही फोडलं, सांडलं, की ती अशीच बघायची, आधी रागाने आणि मग राग विसरून.

‘धाकट्या, हात खाली घे,’ ताई म्हणाली.

घरातल्या आवाजात म्हणाली. सगळं सभागृह मागे वळलं. बेकरीवालाही वळला, त्याने माझा हात पाहिला आणि तो लाल झाला, पण त्याची घडी काही सुटली नाही. मी हात खाली घेतला.

‘पंधरा,’ ताई म्हणाली.

मास्तरांनी विचारलं, ‘बाई, नक्की?’

‘नक्की. पंधरा.’

ठराव फेटाळला गेला. ताईने स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि ती आपल्या टेबलावर गेली, कारण दुपारचं टपाल आलं होतं. मी ऑफिस सुटेपर्यंत बाहेरच्या पायऱ्यांवर बसून राहिलो.

ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघं घरी निघालो. मी धुमसत होतो. तिच्यावर, बेकरीवाल्यावर, मास्तरांच्या कवायतीवर, स्वतःच्या हातावर. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबलो, तेव्हा मला राहवलं नाही.

‘एक आकडा होता गं,’ मी म्हटलं. ‘एकच. बावीस वर्षं त्यांनी तुला दर अकरा महिन्यांनी हाकललं, आणि तुला एक आकडा जास्त म्हणता आला नाही.’

तिने दोन्ही बाजूंना पाहिलं, माझं मनगट धरलं आणि लहानपणी न्यायची तसं मला पलीकडे नेलं. पलीकडे पोचल्यावरही तिने ते सोडलं नाही.

‘एकतीस जण होते तिथे,’ ती म्हणाली. ‘तुझाच हात बघून मला फार बरं वाटलं रे. तोच तेवढा मोजता आला नाही.’